मत्स्यजिऱ्यांचे पहिले पंधरा दिवस

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा आणि दक्षिण भागातून तापी वाहते. या दोन्ही नद्यांवर गुजरातच्या हद्दीत बांधलेल्या धरणांचे पाणी जिल्ह्यात शिरलेले आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत आला. सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील डोंगरखोऱ्यांत चढले आणि महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ज्यांची शेते बुडाली, त्या आदिवासी कुटुंबांपैकी कित्येकांनी त्याच पाण्यावर मासेमारी आरंभिली व सहकारी संस्था स्थापन केल्या. परंतु अशा जलाशयातून कटला, रोहू व मृगळ यांचे चांगले उत्पन्न यावयाचे, तर त्यांचे बीज दरसाल सोडावे लागते. आणि ते सुमारे १०० मिलिमीटर लांबीचे असावे लागते. त्याहून लहान पिले मरळ, शिंगाळा इत्यादी मांसाहारी माशांच्या पोटात जातात. एवढी मोठी बोटुकली दूरवरून आणणे खर्चाचे व जोखमीचे असते. यास्तव ती गावातच, घराशेजारच्या तळ्यात वाढविण्याचा विचार महत्त्वाचा ठरतो.

हे मासे साचलेल्या तळ्यात आपण होऊन अंडी घालीत नाहीत. त्यांस पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. १९५७ च्या जुलै महिन्यात हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले, आणि बीजासाठी केवळ नदीवर अवलंबून राहण्याची आवश्यकता संपली. तेव्हापासून बीज मिळणे सुलभ झाले. ते जगविणे मात्र तितके सुलभ झाले नाही.

अंड्यातून बाहेर पडलेले पिलू सुमारे तीन दिवस स्वतःच्या पोटाखालील पीतकावर जगते. ते संपताच त्यास बाहेरील अन्न लागते. या वेळी त्याची लांबी जेमतेम ६ ते ७ मिलिमीटर असते व त्यास मत्स्यजिरे म्हणतात. दोन गुंठ्यांच्या व सुमारे एक मीटर खोलीच्या तळ्यात एक लाख जिरे सोडता येतात. पंधरावीस दिवसांनी त्यांपैकी तीसचाळीस हजार हाती लागली, तर ते काम चांगले झाले असे समजतात. ही हानी बहुधा उपासमारीने किंवा शत्रूंमुळे होते, आणि दोहोंचा बंदोबस्त जिरे येण्यापूर्वीच करावा लागतो. खाद्य घालण्याकडे सर्वांचे लक्ष असते. वस्तुतः निकाल त्याआधीच्या तीन आठवड्यांत लागलेला असतो.

प्रथम तळ्यातील जुने मासे नाहीसे करावयाचे. यासाठी सातपुड्यास परिचित अशी वस्तू उपयोगी पडते, ती म्हणजे मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड. तिच्यातील सॅपोनिन हे द्रव्य माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. वर सांगितलेल्या तळ्यास सुमारे ५० किलो पेंड पुरते. दोनतीन आठवड्यांत तिचे विष ओसरते व तीच पेंड खत होऊन राहते. त्यानंतर सुमारे १०० किलो शेण घालावे. शेणावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी वाढतात, आणि हे प्राणी म्हणजेच जिऱ्यांचे खरे पहिले अन्न होय. ५० लिटर पाणी तलम कापडातून गाळून खाली एकदोन मिलिलिटर गाळ बसला, तर तळे तयार झाले असे समजावे.

परंतु याच समृद्ध पाण्यात चतुराची पिले, पाणभुंगेरे आणि पाठीवर पोहणारे कीटकही वाढतात व जिऱ्यांचा फडशा पाडतात. त्यांवरील उपाय मोठा मार्मिक आहे. यांतील बरेच कीटक श्वासासाठी पृष्ठभागावर येतात. मत्स्यजिऱ्यांस तशी गरज नसते. म्हणून जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, सुमारे सव्वा किलो खाद्यतेल व ३६० ग्रॅम साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरतात. त्या तवंगाखाली कीटक गुदमरतात. चतुराची पिले मात्र पाण्यातच श्वसन करतात, त्यामुळे ती यातून निसटतात. त्यांच्यासाठी बारीक जाळे पुनःपुन्हा ओढण्यावाचून गत्यंतर नाही.

मेक्सिकोतील ॲक्सोलॉटल हा जलचर वाढविणाऱ्यांस याहून निराळी अडचण येते. त्याची लहान पिले हालते भक्ष्यच खातात आणि गर्दी झाली की एकमेकांचे पाय तोडतात. पाय पुन्हा उगवतात हे खरे, पण पाळणाऱ्यास पिले वेगवेगळ्या भांड्यांत विभागावी लागतात. मत्स्यजिऱ्यांच्या बाबतीत हा त्रास नाही. शिवाय ती कोरडे खाद्यही घेतात. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग दळून, चाळून, लाख जिऱ्यांस पहिले पाच दिवस रोज सुमारे ६०० ग्रॅम व पुढे दुप्पट द्यावा. अधिक घातल्यास तो कुजतो, आणि ढगाळ पहाटे पिले पाण्याच्या वर तोंडे काढू लागतात.

जिऱ्यांची प्लॅस्टिकची पिशवी आली की ती तळ्यावर अर्धा तास तरंगत ठेवावी, नंतर तिच्यात थोडेथोडे तळ्याचे पाणी घालावे आणि पिलांस आपण होऊन बाहेर पडू द्यावे. दोन पाण्यांच्या तपमानातील फरकाने एका क्षणात मेलेली जिरे बुडाशी जातात व दिसतही नाहीत. मग आठ दिवस रिकाम्या तळ्यास खाद्य घातले जाते.

पंधरावीस दिवसांत पिले २० ते २५ मिलिमीटरची होतात. येथे एका कुटुंबाचे सामर्थ्य संपते. कारण ३५ हजार पिलांची बोटुकली करावयाची, तर दोन गुंठे पुरत नाहीत, सुमारे पंधरा गुंठ्यांचे तळे व दोनतीन महिने लागतात. डोंगरउतारावर एवढी सपाट जागा एकट्याकडे क्वचितच असते. म्हणून पहिला टप्पा घरोघरी आणि दुसरा संस्थेच्या सामाईक तळ्यात, अशी विभागणी अधिक व्यवहार्य दिसते. जुलैत आणलेली जिरे अशा रीतीने दिवाळीच्या सुमारास जलाशयात सोडण्याजोगी होतात.