आधी तोंडं मोजा

२०२० च्या टाळेबंदीत माझी तबल्याची शिकवणी मोबाइलवर आली आणि डग्गा मुका झाला. पलीकडे तबल्याची चाट तेवढी ऐकू जायची, डग्ग्याचा घुमारा वाटेतच कुठेतरी गळायचा. एके दिवशी एका मुलीनं विचारलं, "सर, आत्ता धा वाजवलात की ना?" डग्गा ऐकूच येत नसेल तर धा आणि ना यांत फरक तो काय राहणार! त्याच दिवशी ठरवलं, ठेके घरीच नीट रेकॉर्ड करून पाठवायचे.

दोन माइक घेतले, एक तबल्यासाठी, एक डग्ग्यासाठी. ते लॅपटॉपला जोडायचे तर मध्ये ऑडिओ इंटरफेस हवा. नाव भारदस्त असलं तरी वस्तू जेवणाच्या डब्याएवढी. माइकमधून येणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो. ही डबी तो आधी वाढवते, मग त्याचे आकडे करून यूएसबीच्या वायरीनं लॅपटॉपला देते. ऐकताना उलटा प्रवास, आकड्यांचा पुन्हा आवाज होऊन हेडफोनमध्ये येतो.

"दोन इनपुट आहेत सर, बिनधास्त न्या," दुकानदार म्हणाला. घरी आणून बघतो तर दुसरा माइक लागेचना. एक तोंड होतं तीन पिनांच्या एक्सएलआरचं, म्हणजे माइकचं. दुसरं जाड जॅकचं, गिटारसाठी. त्यामागे माइकचा आवाज वाढवणारा प्रीॲम्पच नव्हता. शेवटी ती डबी पुतण्याला दिली. तो गिटार वाजवत गातो, त्याला ती अगदी चपखल बसली. चूक डबीची नव्हती, माझ्या मोजणीची होती.

म्हणून नवख्यांना मी सांगतो, किंमत नंतर बघा, आधी माइकची तोंडं मोजा. एकट्यानं गायचं किंवा पॉडकास्ट करायचं तर एक पुरे. तबला-डग्गा वेगवेगळा टिपायचा तर दोन. गायक, पेटी आणि तबला-डग्गा एकदम बसणार असतील तर चार. माइक कंडेन्सर जातीचा असेल तर डबीवर ४८ व्होल्टचं बटण हवंच, त्याशिवाय तो बोलत नाही. स्टेजवर दिसणारा शुअरचा एसएम५८ डायनॅमिक जातीचा, त्याला त्या विजेची गरज नाही.

दुसरी डबी आली आणि नवंच दुखणं सुरू झालं. हेडफोनमध्ये माझाच तबला मला उशिरा ऐकू येई. लॅपटॉप आवाज घोटाघोटानं घेतो; या घोटाला बफर म्हणतात. माझा बफर होता १०२४ नमुन्यांचा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबानं एका घोटाला २१ मिलिसेकंद लागतात; येताना एक, जाताना एक, म्हणजे ४२. आता मिनिटाला १८० मात्रांची लय धरा आणि एका मात्रेत 'तिरकिट' वाजवा. एका अक्षराच्या वाट्याला ८३ मिलिसेकंद येतात. म्हणजे कानातला तबला हातापेक्षा अर्धं अक्षर मागे! अशानं लय कशी टिकणार? बफर १२८ वर आणला, तसा त्रास बराच कमी झाला. खरा उतारा डबीवरच होता. डायरेक्ट मॉनिटर हे बटण दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपची फेरी न मारता थेट हेडफोनमध्ये येतो. हे बटण आहे ना, हे दुकानातच बघून घ्या. विंडोज वापरत असाल तर त्या डबीसाठी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारा प्रोग्रॅम, आहे का, हेही विचारा.

खोक्यावर नमुन्यांचा वेग १९२ किलोहर्ट्झ लिहिलेला असतो, त्याला मात्र भुलू नका. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढं टिपायला ४४.१ किंवा ४८ पुरतात. २४ बिट ठेवा, म्हणजे आवाजाची पातळी खाली ठेवूनही बारकावे हरवत नाहीत. सर्वांत जोरकस थापेला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की बस्स. लाल दिवा लागला की तो बोल फाटलाच समजा. नंतर शिवता येत नाही.

सगळं जमल्यावर तीनतालाचा ठेका त्या मुलीला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: "सर, धा आता स्पष्ट कळतोय. पण पंखा चालू होता का?"

चालू होता. आता रेकॉर्डिंगच्या आधी मी तबला लावतो, खिडकी लावतो आणि पंखा बंद करतो.