वाऱ्याशी झुंज

मुलांनो, सायकल चालवताना समोरून जोराचा वारा आला की तुम्ही काय करता? हँडलवर वाकता ना? मोटारसायकललाही वारा असाच अडवतो. वेग दुप्पट झाला की हा अडथळा जवळजवळ चौपट होतो!

म्हणून काही गाड्यांना पुढे निमुळतं कवच बसवतात. पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर २२० आठवा. २००७ साली ती बाजारात आली. आपल्या हिमायतनगरातही तुम्ही पाहिली असेल. वर दिव्याभोवती कवच, खाली इंजिन मात्र उघडं. असं का बरं? धावताना इंजिन तापतं. समोरची हवा लागली की त्याची उष्णता निघून जाते. म्हणून हे कवच अर्धंच! इंजिन २२० सीसीचं, ताकद सुमारे २० अश्वशक्ती.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कवचामागे वारा कमी लागतो, त्यामुळे वेग तेवढा जाणवत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे शाळेच्या दोन खोल्यांएवढी! म्हैस आडवी आली, तर ब्रेक दाबेपर्यंतच एवढं अंतर संपतं. शिवाय वेग ३० चा ६० झाला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं.

गिअरची गाडी चालवायला तुम्हाला अठरा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. तोवर एक काम करा. बाबा किंवा दादा गाडी काढतील तेव्हा हेल्मेट त्यांच्या हातात द्या आणि सांगा, "वाऱ्यावर जाऊ नका, काट्यावर लक्ष ठेवा!"