कपाटाची किल्ली कोणाकडे?

पहिलीत पाऊलही न टाकलेली मुले काळा झगा आणि गोंड्याची टोपी घालून ‘पदवी’ घेतात, पालक मोबाइल उंचावून शूटिंग करतात. केजीचा हा पदवीदान समारंभ आता तालुक्याच्या गावीही पोहोचला आहे. 2026 मध्ये तो जास्तच खुपावा, कारण खेळातून बालशिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या नूतन बालशिक्षण संघाची स्थापना 1926 ची. शंभरी भरली ती अशी!

संघाच्या सुरुवातीच्या काळातल्या परिषदा आणि ठराव भराभर ओलांडले तरी चालतील. खरी गंमत 1945 नंतरची, ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बोर्डी या गावी गेल्यावरची. पुढे 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात जाऊन बसली, अंगणवाडी झाली. माँटेसोरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांनी त्यांची जागा घेतली. लहानमोठे, हलकेजड, कमीजास्त हे सगळे मूल हाताने शिकू लागले.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी हे नाव देशभर गेले. खाऊ, लसी, वजनाचा काटा आणि रजिस्टरेही पोहोचली. खेळ मात्र वाटेत कुठेतरी राहिला.

मागे वळून रेंगाळावे असे दशक 1996 ते 2006 चे. आज ज्यांची मुले केजीत आहेत, त्यातले बरेच पालक त्याच सुमारास स्वतः बालवाडीच्या उंबऱ्यावर होते. मोठ्या शहरांत तेव्हा तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत व्हायची: रंग ओळख, नाव इंग्रजीत सांग. माजी कुलगुरू राम जोशी यांच्या समितीने बालशिक्षणाचा विचार केला आणि 1996 मध्ये राज्याने कायदा करून या मुलाखतींना मनाई केली. मग मुलाखतीचे ‘इंटरॅक्शन’ झाले. बारसे नवे, बाळ तेच. शिवाय वर्गात तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबणे चालूच राहिले.

गंमत अशी, की याच काळात मराठीत लहानांसाठी सकस पुस्तके येऊ लागली. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ ज्योत्स्ना प्रकाशनाने काढले. शब्द त्यांचे, चित्रेही त्यांचीच. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, बस्स. शेवटी तात्पर्य नाही, शहाण्या मुलाला बक्षीस नाही. उपदेशाच्या काढ्यावर वाढलेल्या मराठी बालसाहित्यात ही मोठीच सुटका होती.

असे पुस्तक वर्गात कसे चालते? ताई पुस्तक मुलांकडे वळवून धरते आणि पान उलटण्याआधी थांबते. ‘आता काय होईल?’ एक पोर घरच्या बोलीत उत्तर देते, दुसरे ते खोडून काढते. गोष्ट संपली की कोपऱ्यात दुकान मांडले जाते. चिंचोक्यांचे पैसे, पानांच्या पुड्या, उधारीच्या वहीत गिरगोट्या. ती गिरगोटी हे लेखनच असते. पालकांना ती दिसते कागदाची नासाडी म्हणून. 2007 मध्ये निलेश निमकर यांनी वाडा तालुक्यातल्या सोनाळ्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू केली आणि अंगणवाडीताईंना सोबत घेऊन असेच काम पुढे नेले.

सरकारने काय केले? 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी. त्याखालच्या मुलांसाठी सरकार सोय ‘करू शकेल’, एवढीच ढिली तरतूद. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकत्र धरली आणि 2023 मध्ये खेळण्यांनी, पुस्तकांनी भरलेला ‘जादुई पिटारा’ हा संच आला. उशिरा का होईना, बरे झाले. पण हरवेल, फाटेल आणि हिशेब द्यावा लागेल या धाकाने साहित्य कपाटात ठेवणारी आपली रीत जुनी आहे.

तेव्हा पुढच्या प्रवेशाच्या वेळी फीचा तक्ता नंतर वाचा. आधी गोष्टीची पुस्तके कुठे आहेत ते विचारा. मुलांच्या हाताला लागतील अशी असतील, दोनचार पाने चिकटपट्टीने जोडलेली असतील, तर तिथे बिनधास्त नाव घाला. कपाटाला कुलूप दिसले, तर दुसरी शाळा बघा.