एका बाजूस दूध कमी : समज, कारणे व उपाय

माता-पालक सभा संपल्यावर एखादी माता मागे रेंगाळते आणि बाईंना हलक्या आवाजात विचारते, "बाळ एकाच अंगाला पितं. दुसऱ्या अंगाचं दूध आटलं वाटतं. वरचं दूध सुरू करू का?" हा प्रश्न अभ्यासक्रमातील नव्हे. तथापि गावात विश्वासाने विचारावे अशा मोजक्या जागांपैकी शाळा ही एक होय. सबब प्रत्येक शिक्षकास व शिक्षिकेस या विषयाची जुजबी माहिती असणे अगत्याचे आहे.

दोन्ही स्तनांत दूध सारखेच येते, ही समजूत बरोबर नाही. थोडाफार फरक पुष्कळ मातांत असतो व तो दोष नव्हे. बाळ चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तात येते आणि दूध तयार होते. परंतु किती तयार व्हावे, हे प्रत्येक स्तनापुरते स्वतंत्रपणे ठरते. जो रिकामा होतो तो पुन्हा भरतो. ज्यात दूध साचून राहते तेथील निर्मिती मंदावते. वर्गात ज्या मुलास कोणी प्रश्न विचारीत नाही ते हळूहळू बोलेनासे होते, तसाच हा प्रकार आहे.

बाळास एक बाजू आवडण्याची कारणे साधी असतात. मातेस एका हातावर बाळ धरणे सोयीचे वाटते. एका बाजूची धार फार जोराची किंवा फार मंद असते. स्तनाग्राचा आकार निराळा असतो. क्वचित बाळाची मान अवघडलेली असते वा कान दुखत असतो.

उपाय येणेप्रमाणे :

१. कमी दुधाच्या बाजूस आधी पाजावे.
२. पाजून झाल्यावर त्या बाजूचे उरलेले दूध स्वच्छ हातांनी पिळून काढावे.
३. बाळास कूस न बदलता तसेच सरकवून दुसऱ्या बाजूस घ्यावे. त्याचे पाय मातेच्या काखेखालून मागे येतील.
४. बाळ अर्धवट झोपेत असताना नावडती बाजू द्यावी.

पाचव्या दिवसानंतर बाळास २४ तासांत निदान ६ वेळा लघवी होत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे. जुळ्यांच्या माता कित्येकदा एकेका बाळास एकेक बाजू नेमून देतात, हेही सांगावे. वरचे दूध सुरू केल्यास चोखणे कमी होते व अंगावरचे दूध खरोखरच आटू लागते. पहिले ६ महिने आईचे दूध हाच पूर्ण आहार होय.

मात्र स्तनावर लाली, ताप, न विरघळणारी गाठ किंवा रक्त दिसल्यास, अथवा बाळाने आवडती बाजू एकाएकी नाकारल्यास, प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाविलंब पाठवावे.

शिक्षकबंधूंनी संकोच वाटल्यास आशाताई वा अंगणवाडी सेविकेची गाठ घालून द्यावी. आणि रजा संपवून आलेल्या आपल्याच शिक्षिका भगिनीस मधल्या सुट्टीत दार लोटून बसण्याइतकी जागा मिळते की नाही, हेही मुख्याध्यापकांनी एकवार पाहावे.