बाळ यायच्या आधी घरात काय लागते? खरेदी थोडी करा, तयारी पूर्ण करा

अमरावती / अकोला : डोहाळजेवण आटोपले, लेक बाळंतपणाला माहेरी आली, की घरात खरेदीची चर्चा सुरू होते. कोणी परतवाड्याच्या बाजारातून बाळाचा सेट आणायला सांगते, कोणी अकोल्याहून पाळणा मागवते, तर कोणी मोबाईलवर पन्नास वस्तूंची यादी दाखवते. त्यात हातचे पैसे कधी निघून जातात ते कळतही नाही. आणि रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या की गाडीवाल्याचा नंबर सापडत नाही, दवाखान्याचे कार्ड सासरी राहिलेले असते आणि बाळाला गुंडाळायला धुतलेले कापड हाताशी नसते.

नवजात बाळाचे शत्रू मुख्य तीन. थंडी, जंतू आणि दवाखान्यात पोहोचायला झालेला उशीर. आपल्या देशात वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळे पहिल्या 28 दिवसांतच जातात. म्हणून कोणतीही वस्तू घेताना एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू बाळाला या तिघांपैकी कशापासून वाचवते? उत्तर सापडले तर घ्या. नाही सापडले तर ती वस्तू बारशापर्यंत थांबू शकते.

जुने कापड चालते, फक्त धुतलेले पाहिजे

बाळ जन्मायच्या आधी नवे कपडे आणू नये, अशी समजूत आपल्याकडे अनेक घरांत आहे. ती पाळायची असेल तर खुशाल पाळा, त्यात बाळाचे काही नुकसान नाही. घरातले जुने सुती धोतर, आजीचे लुगडे, मोठ्या बहिणीच्या लेकराची झबली हे कापड धुऊन धुऊन मऊ झालेले असते आणि घाम ओढते. नव्या कपड्याला खळ असते, चमकीचा कपडा बाळाच्या कातडीला टोचतो.

अट एकच. जुने म्हणजे ट्रंकेतून काढून तसेच वापरायचे नाही. गरम पाण्यात साबणाने धुवा, दोन-तीन पाण्यांतून काढा, कडक उन्हात वाळवा आणि स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा. हे काम आठव्या महिन्यातच करून टाका. पावसाळ्यात बाळंतपण असेल तर आणखी आधी, कारण झडीच्या दिवसांत कपडा वाळता वाळत नाही.

बाळासाठी एवढे पुरे

- सुती लंगोट 15 ते 20. पावसाळा असेल तर 25. बाळ दिवसातून आठ-दहा वेळा ओले करते.
- समोरून बांधायची झबली 5-6. डोक्यातून घालायची नकोत.
- दुपटी 5-6. त्यातली दोन जन्माच्या वेळेसाठी वेगळी : एकाने बाळ पुसायचे, दुसऱ्या कोरड्यात गुंडाळायचे.
- टोपरी 2-3 आणि पायमोजे 2-3 जोड्या. लहान बाळाच्या शरीरातली बरीच उष्णता डोक्यातून निघून जाते.
- थंडीसाठी एक मऊ शाल किंवा छोटी गोधडी.
- लहान मच्छरदाणी. ती उन्हाळ्यातही लागते.
- डिजिटल थर्मामीटर. बाळाचे तापमान 97.7 ते 99.5 फॅरनहाइटमध्ये असावे.
- हात धुवायचा साबण आणि नखे कापायचे छोटे कटर.

आईसाठी समोरून उघडणारे दोन गाऊन, सॅनिटरी पॅड किंवा उन्हात वाळवलेले सुती कापड, एक शाल, टॉवेल, ताट-वाटी-पेला आणि पाण्याची बाटली. यादी इथेच संपते. यातल्या बहुतेक गोष्टी घरातच सापडतात.

खारपाणपट्ट्यातल्या घरांसाठी वेगळी गोष्ट

दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागात बोअरचे पाणी खारे. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून बाया जास्त पावडर टाकतात आणि ती कपड्यातच राहते. लंगोट वाळला की कडक होतो आणि बाळाच्या जांघेत लाल चट्टे येतात. उपाय साधा आहे. धुणे खाऱ्या पाण्यात झाले तरी शेवटचे खंगाळणे नळाच्या किंवा साठवलेल्या गोड पाण्यात करा. त्यासाठी एक झाकणाची टाकी आधीच भरून ठेवा. ही टाकी शंभर रुपयांच्या बेबी लोशनपेक्षा जास्त कामाची.

ऋतू पाहून तयारी

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो. अशा दिवसांत बाळाला स्वेटर-टोपीत कोंबून ठेवले तर घामोळे येते आणि ताप चढतो. पातळ सुती झबले पुरे. कूलर लावला तरी हवा थेट बाळावर येऊ देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत उलटे. मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात, त्यापेक्षा बाळाला एक जास्त घाला.

बाळाला थंडी वाजते का, हे तळपायाला आणि पोटाला हात लावून कळते. पोट गरम आणि तळपाय गार असेल तर बाळाला थंडी वाजते आहे असे समजा. मग त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून शाल पांघरून ठेवा. जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाला ही ऊब फार मोलाची. तिला एक रुपयाही लागत नाही.

हे घेऊ नका

- दुधाची पावडर आणि बाटली. जन्मानंतर तासाभराच्या आत आईचे दूध आणि सहा महिने फक्त तेच. वरचे पाणीसुद्धा नको. बाटलीचे बूच नीट उकळले गेले नाही तर जुलाब ठरलेले. पावडरच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करायला देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिले तरच पावडर घ्यावी.
- काजळ, सुरमा. डोळ्याला संसर्ग होतो.
- मध आणि बाळगुटी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. गुटी उगाळण्याच्या सहाणेवरून जंतू पोटात जातात.
- नाभीला लावायचे काही. हळद, तेल, राख, पावडर काही नको. नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळून पडते.
- अंगाला लावायची पावडर. श्वासातून छातीत जाते.
- उशी. नवजात बाळाला उशी लागत नाही. पाठीवर, सपाट गादीवर झोपवा.
- खोलीत धुराची शेगडी. शेक द्यायचाच असेल तर बंद खोलीत कोळसा नको. तो धूर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

पाळणा, बाबागाडी, खेळणी यांची पहिल्या महिन्यात गरज नसते.

आधी अंगणवाडीत विचारा, मग दुकानात जा

राज्य सरकारने 2019 मध्ये बेबी केअर किट योजना सुरू केली. पहिल्या बाळंतपणासाठी सरकारी आरोग्य केंद्रात नोंद करून तिथेच बाळंत होणाऱ्या बाईसाठी ही योजना आहे. किटमध्ये बाळाचे कपडे, छोटी गादी, टॉवेल, मच्छरदाणी, थर्मामीटर अशा वस्तू ठरलेल्या आहेत. आपल्या गावात सध्या किट आल्या आहेत का, हे अंगणवाडी सेविकेला आधी विचारा. म्हणजे तीच वस्तू दोनदा विकत घेतली जाणार नाही.

बाकी हक्काच्या गोष्टी अशा :

- जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (2011 पासून) : सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण आणि सिझेरियन दोन्ही मोफत. औषधे, तपासण्या, रक्त मोफत. साध्या बाळंतपणात 3 दिवस आणि सिझेरियनमध्ये 7 दिवस जेवण. घरून दवाखान्यात, मोठ्या दवाखान्यात पाठवले तर तिथे, आणि परत घरी सोडायला गाडी मोफत.
- जननी सुरक्षा योजना : दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या ग्रामीण बाईला सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी 700 रुपये.
- मातृवंदना योजना : नियमात बसणाऱ्या बाईला पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर 6,000. पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि लसीकरणानंतर मिळतो. म्हणून त्या पैशाच्या भरवशावर आधी उधारी करू नका.

सर्वांत महत्त्वाची वस्तू : कागद आणि गाडी

एका प्लास्टिकच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि बाईच्या नावाचे बँक पासबुक ठेवा. रक्तगट कार्डावर लिहिला आहे का ते पाहा. त्याच गटाची दोन माणसे घरात किंवा गावात कोण आहेत, तेही विचारून ठेवा.

लेक माहेरी आली की इथेच घोळ होतो. नाव सासरच्या गावात नोंदलेले, तपासण्या तिकडच्या केंद्रात झालेल्या आणि माहेरच्या आशाताईला काहीच माहीत नाही. म्हणून लेक आली त्याच आठवड्यात कार्ड घेऊन माहेरच्या आशाताईला आणि सिस्टरला भेटा. बाळ घरी आल्यावर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहते. बाळ कोणत्या गावात आहे हेच तिला माहीत नसेल तर ती येणार कशी?

गाडीसाठी 102 आणि 108 हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पाहिजेत. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. पेट्रोलचे पैसे वेगळे बांधून ठेवा. गुंतागुंत झाली तर कुठे जायचे तेही आधी ठरवा. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे डफरीन. अकोल्यात लेडी हार्डिंग.

मेळघाटात हा भाग आणखी महत्त्वाचा. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या अनेक पाड्यांवर मोबाईलला रेंज नाही आणि पावसात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो. तिथे कळा सुरू व्हायची वाट पाहू नये. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय आहे. तारखेच्या चार-पाच दिवस आधी तिथे जाऊन राहता येते. आपल्या केंद्रात ती आहे का, ते आशाताईला विचारा.

घरी आल्यावर

दवाखान्यातून निघण्याआधी बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि कावीळ-बीची लस (ही 24 तासांच्या आत द्यायची असते) कार्डावर लिहिली आहे का ते तपासा. पहिली आंघोळ किमान 24 तास नको. वजन कमी असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत नको. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत मोफत होते.

खालीलपैकी एकही लक्षण दिसले तर घरी औषध करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा :

- बाळ दूध ओढत नाही किंवा एकदम सुस्त पडले आहे
- श्वास जोरात चालतो, छाती आत ओढली जाते
- अंग तापले किंवा गार पडले
- झटके येतात
- तळहात-तळपाय पिवळे दिसतात
- नाभी लाल झाली किंवा पू येतो
- पोट फुगले, हिरवी उलटी होते

फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर 65 चटके दिल्याची घटना उघड झाली होती. चटक्याने आजार जात नाही. बाळाला वेदना होतात, जखमेतून जंतू आत जातात आणि दवाखान्यात जायचा वेळ निघून जातो. ही लक्षणे कागदावर उतरवून नंबरांच्या शेजारी लावा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा वाचून दाखवा. बाळाजवळ दिवसभर तीच असतात.

तारखेच्या महिनाभर आधी धुतलेल्या कपड्यांची पिशवी, कागदांची पिशवी आणि गाडीचे पैसे एकाच खुंटीला टांगलेले असावेत. तारखेआधीही कळा येऊ शकतात. खुंटी कुठे आहे, हे घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत पाहिजे.