फ्रेंच बोलीची किल्ली 'च'च्या भाषेत

पुस्तकी फ्रेंच शिकलेला विद्यार्थी पॅरिसच्या तरुणांचे बोलणे ऐकून गोंधळतो. अनेक शब्द त्याने शिकलेलेच, पण उलटवलेले असतात. मराठी मुलांच्या 'च'च्या भाषेत पहिले अक्षर शेवटी जाते व त्याच्या जागी 'च' येतो. पालघरचे 'चलघरपा', बोईसरचे 'चईसरबो' होते. फ्रेंच 'वेरलां' बोलीची रीत अशीच आहे. 'लांवेर' म्हणजे उलट. तो शब्द फिरवूनच हे नाव बनले. 'मेर्सी' (आभार) 'सीमेर' होते, 'बिझार' (विचित्र) 'झारबी'. १९७७ मध्ये गायक रनो यांच्या 'लेस बेतों' या गाण्याने ही बोली सर्वदूर पोहोचवली. त्यातील 'बेतों' म्हणजे उलटलेले 'तोंबे'. असे शब्द पाठ करण्याऐवजी उलटून पाहावेत. मात्र ते मित्रमंडळींतच शोभतात. मुलाखतीत 'मेर्सी'च म्हणावे.