जुन्या जपानी मालिका : उगाच गाजलेल्या आणि मागे राहिलेल्या



उन्हाळ्याच्या सुटीत नातू आला की आमच्या घरी टीव्हीचा ताबा त्याच्याकडे जातो. यंदा त्याने जुन्या जपानी कार्टून मालिका लावल्या. यांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात. आधी आम्ही दोघांनी नाक मुरडले, पण आठवडाभरात आमची ताटेही टीव्हीसमोर आली. मग रोज वाद, की कोणती मालिका उगाच डोक्यावर घेतली आणि कोणती मागे राहिली. बँकेत जन्म गेला असल्याने हा हिशेबही आम्ही जमा-खर्चासारखाच मांडला.

आधी 'ड्रॅगन बॉल झी'. १९८९ ते १९९६ या काळात तिचे २९१ भाग झाले. अकिरा तोरियामा यांची मूळ चित्रकथा साप्ताहिकात चालू असतानाच मालिकाही दर आठवड्याला दाखवली जाई. कथा हातात उरावी म्हणून मालिका ताणावी लागे. ग्रह पाच मिनिटांत फुटेल असे खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग संपत नाहीत! पुढे २००९ मध्ये काटछाट करून ती 'काई' नावाने पुन्हा आणली गेली. मालिका वाईट नाही. पण भागांच्या संख्येवरून थोरवी ठरवणे म्हणजे जाड पासबुक पाहून शिल्लक ठरवण्यासारखे आहे. यावर नातू अर्धा दिवस आमच्याशी बोलला नाही.

आता उलट बाजू. १९७४ च्या ऑक्टोबरात 'स्पेस बॅटलशिप यामातो' सुरू झाली. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' होती. इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेसाठी मंडळी प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरे पाहून आली होती. घराघरांत 'हायडी' लागे, त्यामुळे यामातोला प्रेक्षक कमी मिळाले आणि ३९ भागांचा बेत २६ वर आटोपला. पण १९७७ मध्ये तिचा चित्रपट आला आणि तरुणांनी तो उचलून धरला. १९७९ च्या 'गंडम'चेही तेच झाले. ५२ भाग ठरले होते, ४३ वर थांबवले. नंतर पुनःप्रक्षेपण आणि बांदाई कंपनीची जोडायची खेळणी यांनी तिला उभे केले. बुडीत धरलेली खातीच पुढे सर्वांत मोठी ठरली!

आमच्या मते खरी मागे राहिली ती 'फ्यूचर बॉय कोनान' (१९७८). हायाओ मियाझाकी यांचे चित्रपट आज जगभर पाहतात, पण त्यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. युद्धानंतर उरलेल्या जगात एक मुलगा आणि एक मुलगी तग धरतात, एवढीच गोष्ट. एकही भाग ताणलेला वाटत नाही.

ती बनवणाऱ्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनचीच आणखी एक मालिका आपण सर्वांनी पाहिली आहे : १९८९ ची 'जंगल बुक', म्हणजे आपला मोगली! गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचे संगीत आणि शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज. गाणे सर्वांना पाठ आहे, पण ५२ भागांची ती मालिका जपानी होती हे किती जणांना माहीत होते?

आम्हालाही नव्हते. १९९३ मध्ये रविवारी सकाळी मुलगा हाक मारायचा, "बाबा, या ना, मोगली लागला!" आणि आम्ही शाखेतून आणलेल्या कागदांत डोके घालून "हो, आलो" म्हणायचो. गेलो नाही कधी. यंदा नातवासोबत पहिल्यांदा सलग दहा भाग पाहिले. अकेला लांडग्याशी मोगलीचे नाते पाहताना गप्पच झालो. रात्री मुलाला फोन करून सांगितले, "मोगली पाहिला रे." तो हसला. म्हणाला, "तीस वर्षे उशीर झाला, बाबा."

म्हणून सुचवतो, या सुटीत एक मालिका नातवंडांना निवडू द्या आणि एक तुम्ही निवडा. चांगली कोणती यावर भांडा खुशाल. फक्त हाक आली की उठून जा.